आमच्या आंगनात पाणी मुरते

पहिलेच सांगून ठेवते, मले सिमेंटचा राग नाही. न्हाणीत टाका, संडासात टाका, गच्चीवर टाका, मी कोण अडवणार? मले राग आहे तो "पक्कं" या शब्दाचा. माणसं एकदा का पक्कं पक्कं कराले लागली की त्यायच्या डोक्यात काही शिरत नाही, अन् जमिनीतही काही शिरू देत नाहीत.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट आहे. तोवर सिमेंट म्हटलं की परमिट, अर्ज, साहेबाची सही. मंग ते दुकानात खुलं भेटाले लागलं अन् आमच्या पांढुर्ण्याले कोब्याचं येडच लागलं. सारवलेलं आंगन म्हणजे गरिबी, कोब्याचं आंगन म्हणजे पक्कं घर अन् पक्की सोयरीक. शेजारच्या कलाबाईनं गल्लीत सगळ्यात पहिले कोबा केला. पहिल्या वर्षी ती दिवसातून दोनदा आंगन धुवे अन् आमच्याकडं पाहून नाक मुरडे. दुसऱ्या वर्षी धुवाले पाणीच नव्हतं. चैत्रात तिच्या विहिरीत बादली तळाले खडखड वाजाले लागली. तिच्या घरावरचं, आंगनातलं सगळं पाणी कोब्यावरून घसरून नालीत जाऊन राहिलं होतं, तिथून जाम नदीत. विहिरीले काय भेटणार, कप्पाळ? मंग बाई बादली घेऊन आमच्या विहिरीवर याले लागली, अन् तरी म्हणे, "यंदा पाऊसच कमी झाला ना वो!" पाऊस काय तिच्याच आंगनात कमी पडला होता?

तर आमची विहीर. घरासमोर मातीचं मोठं आंगन, आंगनाच्या एका कोपऱ्यात विहीर, अन् घरामागं माह्या कलमा. माहं माहेर बोरगावचं, सौंसरजवळचं. बाप संत्र्यावाला. जंभेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा कसा बसवाचा, हे मी बापाच्या हाताखाली शिकली. सासरी आल्यावर मागची जागा रिकामी पाह्यली अन् कलमा लावल्या. त्या विकून घरात चार पैसे येत, पण खरी गोष्ट वेगळीच. गावात मले कोणी मास्तराची बायको म्हणत नसे, कलमावाली जयवंता म्हणत. हे मले लय आवडे. अजूनही आवडते, कायले खोटं बोलू? अन् कलमा म्हणजे पाणी. उन्हाळ्यात विहीर आटली तर माहं नाव गेलं.

घर दोघा भावांचं. आमचे मास्तर, म्हणजे माहे मालक दत्तात्रय, शाळेत शिकवत. साधा माणूस. शाळेत पोट्ट्यायवर ओरडत अन् घरी आल्यावर आवाज खुंटीले टांगून ठेवत. मोठे भाऊ भैय्याजी, संत्र्याचे दलाल. अख्खा बाजार त्यायचा शब्द झेले. त्यायची बायको पोरगी लहान असतानाच गेली. ती पोरगी, सुधा, माह्याच हाताखाली वाढली. मले काकू म्हणे, पण हट्ट आईजवळ करावा तसा करे.

अन् भैय्याजी माहे भासरे. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत, त्यायच्यासमोर डोक्यावरचा पदर हालू देत नाहीत. त्यायनंही भावसुनेचं नाव घ्याचं नाही. मंग एका घरात राहाचं कसं? तर भिंतीमार्फत. मी म्हणो, "भिंती, जेवण झालं आहे म्हणून सांग." ते म्हणत, "भिंती, संध्याकाळी पाहुणे आहेत म्हणून सांग." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडं भिंती बोले भासरे लागे. लग्न झाल्यापासून आमचं असंच चालून राह्यलं होतं. यात एक सोय होती, भिंतीशी भांडता येत नाही. तोटाही तोच होता.

सुधाचं लग्न सौंसरच्या घरी ठरलं. घर चांगलं, माणसं चांगली. त्याच संध्याकाळी भैय्याजी ओसरीत बसले अन् म्हणाले, "भिंती, सांगून दे. सौंसरचे लोक मोठे आहेत. मातीत पंगत बसवून मी माहं नाक कापून घेणार नाही. पुऱ्या आंगनाले कोबा करून राहिलो. पार विहिरीच्या काठापर्यंत."

मी आतून म्हटलं, "भिंती, विचार, कलाबाईची विहीर पाह्यली का?"

"भिंती, सांग, विहीर अन् कोबा यायचा काही संबंध नाही. अन् बायकायनं यात पडू नये."

झालं. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोण्या ओसरीत येऊन पडल्या.

मी मास्तरायले म्हटलं, "अहो, तुम्ही तरी बोला!" मास्तर म्हणाले, "दादापुढं मी आजपर्यंत बोललो आहे का?" मी म्हटलं, "म्हणूनच म्हणून राहिली!" ते चष्मा पुसत बसले. चष्मा साफच होता.

मंग मीच भिंतीले गाठलं. रोज सांगे. म्हटलं, मातीच ठेवा असं मी म्हणतच नाही. चिखल मलेही नको. आंगन वीतभर खोदा, खाली जाड गिट्टी टाका, वर बारीक टाका, त्यावर रेती, अन् रेतीवर चपटे दगड बसवा. दोन दगडायमधी बोटभर दरज सोडा अन् तिच्यात रेतीच भरा, सिमेंट नाही. पाय वर कोरडा राहीन अन् पाणी खाली जाईन. बापाच्या बगीच्यात मी पाह्यलं होतं, झाड जसं तहानेनं मरते तसं घुसमटूनही मरते. बुंध्याभोवतीची जमीन तुडवून तुडवून टणक झाली की आळ्यात टाकलेलं पाणी वरच्या वर उभं राहते, अन् खाली मुळं कोरडीच. कोबा म्हणजे तर पालथा घडा. त्याच्यावर किती ओता!

भैय्याजी हसले. बाजारात जाऊन त्यायनं ही गोष्ट रंगवून सांगतली. "आमच्या घरची सूनबाई म्हणते आंगनाले भोकं ठेवा!" लोकायले काय, फुकटचा तमाशा. कोणी म्हणे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात गोटमार होते, तिचे गोटे उरले असन तर तेही आंगनात लावा. अन् मंग ते वाक्य निघालं. कोणाच्या तोंडून निघालं माहीत नाही, पण गल्लीभर फिरलं: "कोब्याले नाही म्हणते म्हणजे काय? कुठंतरी पाणी मुरून राहिलं." मले वाटणी पाहिजे, मले आंगन कलमायसाठी हडपाचं आहे, मी पोरीच्या लग्नात खोडा घालून राहिली, असं सगळं त्या एका वाक्यात आलं. सुधाच्या लग्नात मी खोडा घालीन? जिच्या केसातल्या उवा मी काढल्या तिच्या? त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडली. रागानं रडली, तो धूर नव्हता.

सुधा मागून आली अन् म्हणाली, "काकू, तू रडून काय राहिली? तू तर रडवणारी बाई आहेस." कार्टी! पण खरं बोलली.

मिस्त्री सुखदेव ज्या सकाळी कोबा टाकाले येणार होता, त्या सकाळी मी लवकर उठली अन् घरामागच्या कलमा आंगनात आणून ठेवाले लागली. विकाले काढलेल्या, मातीच्या गोळ्यासकट गवतानं बांधलेल्या. एकेक उचलली अन् एकेक मांडली. दारापासून विहिरीपर्यंत, भिंतीपासून फाटकापर्यंत. सुधाही वाहाले लागली. पाय ठेवाले जागा उरली नाही. सुखदेव आला, फावडं खांद्यावर, मागं रेजा-कुली मजूर, अन् फाटकातच उभा राह्यला. "बाई, हे काय वो?"

"आंगन आहे. टाक ना कोबा."

"कलमायवर टाकू?"

"मले काय विचारतो? ज्यानं बोलावलं त्याले विचार."

भैय्याजी बाहेर आले. पाहातच राह्यले. फेकून द्या म्हणाले असते तर सुखदेवच्या माणसायनं फेकल्या असत्या. पण मी आधीच मोठ्यानं सांगून टाकलं, भिंतीले नाही, अख्ख्या गल्लीले, "विहिरीकडच्या तिगावच्या पाटलाच्या. मधल्या त्याच्या व्याह्याच्या. अन् ह्या फाटकाजवळच्या भैय्याजींच्या भागीदारानं सांगून ठेवलेल्या. ज्याले फेकाच्या त्यानं फेकाव्या, अन् मंग त्यायच्या घरी जाऊन स्वतः सांगावं." नाक दाबलं की तोंड उघडते. बाजारातल्या माणसाचं नाक त्याच्या गिऱ्हाइकाजवळ असते.

तेव्हाच मास्तर घरामागून आले. पांढरा शाळेचा सदरा, अन् दोन्ही हातात एक कलम. सदऱ्याले माती लागली होती. ते आले, इकडं तिकडं पाह्यलं, भैय्याजींच्या पायाजवळ वीतभर जागा उरली होती तिथं कलम ठेवली, अन् शाळेत निघून गेले. जलमात मले त्यायचा इतका अभिमान वाटला नव्हता.

भैय्याजींचा चेहरा लाल झाला. भिंतीकडं वळून म्हणाले, "भिंती, विचार हिले, हिच्या मनात काय आहे? लोक उगाच नाही म्हणत, कुठंतरी पाणी मुरून राहिलं!"

अन् मी पदर सारखा केला, त्यायच्यासमोर जाऊन उभी राह्यली, अन् सरळ त्यायच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, "हाव, भैय्याजी. मुरून राहिलं. या आंगनातच मुरून राहिलं, तुमच्या आजोबायपासून मुरून राहिलं, म्हणून विहिरीत पाणी आहे. अन् मी जिवंत आहे तोवर मुरीन."

कलाबाईच्या हातातली बादली खाली पडली. भासऱ्याशी तोंडावर बोलली! पण एकदा बोलली की बोलली. आता मागं कायले फिरू?

भैय्याजी भिंतीकडं न पाहता, माह्याकडंही न पाहता, विहिरीकडं पाहून म्हणाले, "ठीक आहे. कर तुझ्या मनानं. पण लग्नाच्या दिवशी एका पाहुण्याच्या धोतराले जरी चिखल लागला, तर त्या कलमा उपटीन अन् मागंही कोबा टाकीन. मंग माहेरी जाऊन लाव झाडं. तुही जिरवल्याशिवाय राहणार नाही."

"माही जिरो का तुमची जिरो," मी म्हटलं, "पाणी तर जिरीनच."

मंग काम सुरू झालं. आंगन खोदलं, गिट्टी आली, रेती आली. दगड जाम नदीतून आणले, चपटे चपटे पाहून. सुखदेव दगड बसवाले उस्ताद, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ओळंबा, दोरी, ठोकणी, एक दगड हालला नाही. फक्त दरज आली की तो कुरकुर करे. "बाई, इतली सोडाची?" "इतलीच." "बाई, दिसाले बरं नाही दिसत." "तू पाहू नको."

काम संपलं त्या दिवशी मले तिगावले जाणं होतं, पाटलाच्या कलमा पोचवाले. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आली. फाटक उघडलं अन् पाय थिजला. आंगन करडं दिसून राहिलं होतं. सगळ्या दरजा भरलेल्या. ओल्या सिमेंटनं, थापीनं गुळगुळीत करून, वरून बोट फिरवून. ओसरीतल्या गोण्या कमी झालेल्या. अन् सुखदेव विहिरीच्या काठावर बसून विडी ओढत होता, तोंडावर समाधान इतकं की विचारू नका.

"कोणी सांगतलं?" मी ओरडली. "भैय्याजींनी सांगतलं?"

"नाही वो बाई, देवाशपथ! भैय्याजी तर बाजारात आहेत. मीच भरल्या. तुम्ही घरी नव्हत्या, म्हटलं बाईले खूश करू." तो खरंच बोलत होता, त्याचं तोंडच सांगून राहिलं होतं. "उघडी दरज सोडली तर लोक काय म्हणन? सुखदेवनं काम अर्धं टाकलं म्हणन. माह्या बापानं जलमात दरज उघडी नाही ठेवली."

अरे देवा! वैऱ्यानं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. पण हा माणूस माहं भलं कराले गेला होता. मिस्त्र्याले उघडी दरज म्हणजे लाज. त्याच्या हातालेच ते सहन झालं नव्हतं. मी डोक्याले हात लावला. वीतभर गिट्टी, रेती, गावभरचं हसणं, भासऱ्याशी बोलणं, सगळं करून वरून पुन्हा पालथा घडा! तसंच राहिलं असतं तर लग्नात पाणी वरच उभं राह्यलं असतं, अन् माह्या कलमा गेल्या असत्या.

मी खाली वाकली अन् दरजेत बोट दाबलं. बोट आत गेलं. सिमेंट अजून कच्चंच होतं.

"कच्चं आहे!" मी म्हटलं. जलमात हा शब्द इतका गोड लागला नव्हता.

मी खुरपी आणली, पदर कमरेले खोचला अन् फाटकापासून दरजा खरवडाले बसली. सुखदेव म्हणाला, "बाई, बाई, हे काय करून राहिल्या! उघडी दरज म्हणजे मिस्त्र्याचं उघडं आंग आहे वो!"

"मंग लाज वाटत असन तर तोंड फिरवून बस! दरज उघडीच राहीन!"

सुधा घरातून आली. हातात सराटा, भाकर परताचा. लग्न तोंडावर आलेली पोरगी, हात खराब करू नये म्हणून आम्ही तिले भांडं घासू देत नव्हतो. ती माह्या बाजूले बसली अन् सराट्यानं खरवडाले लागली. मी म्हटलं, "नखं जातील तुही." ती म्हणाली, "सौंसरचे लोक नखं पाहाले येऊन राहिले का?" मंग कलाबाई फाटकात आली, मजा पाहाले. जरा वेळ पाह्यलं, अन् काय मनात आलं कोणास ठाऊक, घरी गेली अन् विळा घेऊन आली. तिची विहीर कोरडी होती ना, तिले काय वेगळं समजवाचं! दिवाबत्तीची वेळ झाली तेव्हा सुखदेवनं विडी विझवली, थापी घेतली अन् मोठ्या दुःखानं आपलंच काम आपल्या हातानं उकराले बसला. मास्तर कंदील धरून उभे.

तितक्यात भैय्याजी बाजारातून आले. फाटकात थांबले. आम्ही सगळे घाणेरडे, आंगनात ओणवे. मले वाटलं, आता म्हणतील, राहू द्या, भरल्या तर भरल्या. पण नाही. चपला हातात घेतल्या अन् दरजांवर पाय न ठेवता, दगडा-दगडावरून, लहान पोट्टं खेळते तसे घरात गेले.

लग्नाच्या दिवशी आभाळ स्वच्छ. पाऊस-बिऊस काही आला नाही, सांगून ठेवते, म्हणजे देवानं मदत केली असं कोणी म्हणाले नको. पण लग्नघरात पाऊस कायले लागते? सकाळी नवरीची हळद, हांडे हांडे पाणी. मंग सौंसरची वरात दारात, व्याह्यायचे पाय धुणं. घंगाळ भरून पाणी, एकाचे पाय धुतले, दुसऱ्याचे धुतले, काका, मामा, आत्याचे यजमान, पाहुणे संपेचनात. मंग पंगत, अन् पंगतीनंतर सगळे हात धुवाले फाटकाच्या बाजूले, विहिरीपासून दूर. कलाबाईच्या पोरीच्या लग्नात नेमकं हेच झालं होतं. पाणी कोब्यावर पसरलं, वरून तुपकट, अन् विहीणबाई सगळ्यांदेखत सपशेल आडव्या झाल्या. ती विहीणबाई अजून कलाबाईच्या घरचं पाणी पीत नाही.

भैय्याजी पाय धुवाच्या जागी उभे होते. त्यायची नजर व्याह्यायच्या पायावर नव्हती, पाण्यावर होती. अन् माही त्यायच्यावर. हांड्यातलं पाणी दगडावर पडे, दगडावरून दरजेत जाई, अन् गेलं. पुन्हा पडे, पुन्हा गेलं. पाय धुवाले पाट मांडले होते त्या जागेचे दगड पंगत बसेतोवर कोरडे होऊन गेले. एका धोतराले डाग नाही, एका शालूचा काठ भिजला नाही. मी पुऱ्या वाढून राहिली होती, पण डोळा तिथंच.

हात धुता धुता सौंसरचे मोठे व्याही थांबले. खाली पाह्यलं, लोटा अजून एकदा ओतला, पुन्हा पाह्यलं. अन् मिश्कील माणूस, मोठ्यानं म्हणाले, "भैय्याजी, तुमच्या घरी कुठंतरी पाणी मुरते बरं का!"

सगळे हसले. भैय्याजी हसले नाहीत. मी वाढाचं थांबवलं. आता हा माणूस काय म्हणते? "मीच केलं" म्हणते, का गिळून टाकते?

भैय्याजींनी घसा खाकरला. "मुरते," म्हणाले. "मुरवलं आहे."

एवढंच. कोणी मुरवलं ते सांगतलं नाही. घ्या! मीही मनात म्हटलं, राहू द्या, तुमचं आज लेकीचं लग्न आहे, मी थांबते. पण सोडणार नाही.

सुधा सौंसरले गेली. जाताना माह्या गळ्यात पडून रडली अन् कानात म्हणाली, "काकू, तिकडं पण मातीचंच आंगन आहे. मी सोडणार नाही." माही पोरगी.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुढचा चैत्र आला. दरजांमधून हरळी वर आली होती, मी ती उपटत नव्हती. कलाबाईची विहीर पुन्हा कोरडी. गल्लीतल्या अजून दोन कोब्यावाल्यायच्याही विहिरी कोरड्या. आमच्या विहिरीत पाणी होतं, फार वर नाही, पण होतं, अन् वैशाखातही राह्यलं. बायका घागरी घेऊन येत, दगडावर ठेवत, पाणी सांडत, अन् सांडलेलं खाली जाई. माह्या कलमा हिरव्यागार उभ्या होत्या. कोणी "पाणी मुरते" म्हटलं की आता बायका मले पाहून हसत, अन् मी पण हसे.

त्याच दिवसांत भैय्याजींनी स्टेशन रोडवर संत्र्याच्या पेट्या भराची जागा घेतली. मोठं पटांगण, अन् तिथंही एक विहीर. एका सकाळी मी विहिरीवर घागर भरून राहिली होती, मास्तर ओसरीत पेपर वाचून राहिले होते. भैय्याजी आले, ओसरीत उभे राह्यले अन् भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "भिंती, जरा विचारून सांग. दरजा केवढ्या ठेवाच्या असतात?"

मी दोर ओढत राह्यली. घागर वर आली, काठावर ठेवली.

ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "भिंती! दरजा केवढ्या?"

मी म्हटलं, "भिंत बहिरी झाली, भैय्याजी. गेल्या सालपासून. ज्याले विचाराचं त्याले माणसानं तोंडानं विचारावं."

मास्तरांचा पेपर हालाचा थांबला. भैय्याजी भिंतीपुढं तसेच उभे. माह्या मनात आलं, आता जातील. जाऊ दे, टाकू दे कोबा, उन्हाळ्यात येतील पोहरा घेऊन. पण ते गेले नाहीत. हळूच वळले. लग्न होऊन मी या घरात आली तेव्हापासून त्या माणसानं माह्या तोंडाकडं पाह्यलं नव्हतं अन् माहं नाव घेतलं नव्हतं. दोन्ही त्यायले जड गेलं, दिसून राहिलं होतं.

"जयवंताबाई," ते म्हणाले, "दरजा केवढ्या ठेवू?"

माहे डोळे भरून आले. पण त्यायले दाखवाले मी काय येडी आहे? घागर कमरेवर घेतली अन् म्हटलं, "बोट जाईन एवढ्या. अन् सुखदेवले हे तुम्ही स्वतः सांगजा, तोंडानं. भिंतीमार्फत सांगाल तर तो सगळ्या भरून ठेवीन."